डावीकडचा ब्रेक

सर सोमवारी गेले. गुरुवारी त्यांचे पुस्तक आले.

अकोल्याच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत, मी मराठी. दोघेही राहायला अमरावतीला. बाकीचे अप-डाऊनवाले रेल्वेने जात. आम्ही माझ्या गाडीने. बारा वर्षे मी उजवीकडे, सर डावीकडे. सरांना गाडी येत नव्हती. तरी गाडी निघाली की त्यांचा उजवा पाय मॅटवर ब्रेक शोधू लागे. समोर म्हैस आली की माझ्याआधी ते दाबत.

बडनेरा मागे पडले की पिशवीतून कागद निघत. "टाका गेअर, मॅडम. कवी थांबून राहिला."

हा कवी अमेरिकेतला असे आणि बहुतेक वेळा गाडीत बसलेला असे. तुम्हीही अशा कविता कधी वाचल्या असतील. बायको गेल्यावर रोज गाडी सुरू करून दारातच बसून राहणारा म्हातारा. घटस्फोटाचे कागद शेजारच्या सीटवर ठेवून निघालेली बाई. सर म्हणत, "आपले कवी पायी चालले, मॅडम. यायले पेट्रोल लागते."

त्या कवितांचे आम्ही मराठी करत होतो. सर ओळ वाचत, मी रस्त्यावरची नजर न काढता मराठी सांगे, ते लिहून घेत. "दोघांचं पुस्तक आहे हे," ते म्हणत. मूर्तिजापूरला चहा घेताना एकदा त्यांनी कागदावर दोन्ही नावे लिहून दाखवली होती. माझे वर.

भांडण एका शब्दावर झाले. एका कवितेत थकलेला नवरा बायकोपुढे किल्ली धरतो आणि म्हणतो, आता तू चालव. मी म्हटले, "'आता तू हाक' लिहा, सर."

"हाकाले बॉनेटले बैल जुपले हायेत का?"

माझे वडील वलगावला भाजीची बैलबंडी हाकायचे. त्यांचे बोलणे मी सरांना जसेच्या तसे सांगितले : "चालवणारा एकटा असते. हाकणारा कोणाशी तरी बोलून राहिला असते."

कुरुम येईपर्यंत सर कागद पुढेमागे उलटत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या बाबाले माहा नमस्कार सांगा." आणि त्यांनी आधीच्या सगळ्या कागदांवरचे 'चालवणे' खोडायला घेतले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा पाय ब्रेक दाबायला विसरला.

शोकसभेत प्राचार्यांनी पुस्तकाची प्रस्तावना वाचली. "अकोला रोडवर एकटाच गाडी हाकताना मला हा शब्द सापडला," असे सरांनी लिहिले होते.

मागच्या रांगेत कोणीतरी विचारले, "सर गाडी कवा शिकले बा?"

"शिकले असतीन."

पुस्तक माझ्या हातात होते. वर एकच नाव. आभारांत छापखानेवाले होते, टायपिंग करणारा होता, सरांच्या दम्याचे डॉक्टर होते. मी पान उलटून पुन्हा पाहिले. बारा वर्षांत त्यांनी माझे नाव कधी चुकीचे लिहिले नव्हते; इथे ते नव्हतेच. त्याहून मला 'एकटाच' लागला. ज्याला 'हाकणे' कळले होते, त्याने त्या शब्दाशेजारी 'एकटाच' कसा ठेवला, एवढेच विचारायचे होते.

निघताना काकूंनी, सरांच्या बायकोने, दारात माझा हात धरला.

"यायले सायकलवरून उतरता येत नव्हतं, बाई. प्रुफं घरी आली तवाच मी इचारलं होतं, मॅडमचं नाव कुठी हाय?"

"काय म्हणाले?"

"म्हणे, पुढच्या आवृत्तीत टाकू."

आम्ही दोघीही हसलो. मग काकू रडल्या. मला रडता आले नाही.

अप-डाऊन सुरू आहे. डावीकडच्या मॅटला त्यांच्या टाचेने भोक पडले आहे. मी मॅट बदललेली नाही. पुस्तक समोरच्या कप्प्यात आहे. बडनेरा मागे पडते, मी गेअर टाकते. गाडीत कोणी बोलत नाही.

आता मी गाडी चालवते.