जगदाळेकाकांचं सा.न.वि.वि.

जगदाळेकाका ई-मेलसुद्धा ‘सा.न.वि.वि.’नं सुरू करत आणि ‘लोभ असावा’नं संपवत. सिलिंडर आला नाही म्हणून तक्रार करायची असली, तरी गॅसवाल्याला आधी साष्टांग नमस्कार विनंती विशेष, मग शिव्या. ‘शिवीसुद्धा घराण्याला शोभेल अशी द्यावी,’ असं ते म्हणत. त्यांचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत होते. काका स्वतः पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते, पण चालत इतके ताठ की घोडा तेवढा कमी.

बडोद्यात, निजामपुऱ्यात, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये ते एकटे राहत. नवरात्रात खाली गरबा सुरू झाला की त्यांची खिडकी धाडकन बंद होई. ‘आमच्यात तलवारी फिरल्या, टिपऱ्या नाहीत!’ हे वाक्य सोसायटीतल्या गुजराती मंडळींनाही पाठ होतं.

एका दुपारी काका पांढऱ्याफटक चेहऱ्यानं आमच्याकडे आले. ‘शुभा, दार लाव. लोचो थई गयो छे.’ घाबरले की ते गुजरातीत शिरत.

त्यांना एक इंग्रजी मेल आली होती. तुमच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून मी सगळं टिपलंय, पैसे द्या, नाहीतर ओळखीच्या सगळ्यांना व्हिडिओ पाठवतो. आणि मेल आली होती काकांच्याच पत्त्यावरून.

‘बघ, मीच मला धमकी दिलीय!’

‘पण काका, असं केलंत तरी काय कॅमेऱ्यासमोर?’

काका आमचं पायपुसणं पायानं सरळ करू लागले. ‘गरबा,’ ते पुटपुटले. ‘लॅपटॉपवर बघून बघून शिकतोय. तीन टाळ्यांची ती तीन ताळी येते. गिरकीत भेलकांडतो.’

मी हसू कसंबसं गिळलं. काकांना मात्र रडू यायचंच बाकी होतं. जन्मभर जिची टर उडवली, ती अख्खी सोसायटी आता त्यांना हसणार होती.

‘उत्तर नाही ना दिलंत?’

‘दिलं की, चांगलं खरमरीत! पण तो लेकाचा आपल्यातलाच निघाला गं. नागरवाड्याकडच्या मराठी वस्तीतला असावा. लगेच मराठीत उलट उत्तर, आणि सुरुवात सा.न.वि.वि.! मी लिहिलं, कुळाला काळिमा लावलास. त्यानं मलाच तेच ऐकवलं. म्हटलं, माणूस घरंदाज दिसतो, समजूत काढू. चहाला बोलावलं. तर त्यानंही मला चहाला बोलावलं. माझ्याच घरी!’

मग मी त्यांना समजावलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणी काहीही लिहावं, तसा मेलवरचा पत्ताही खोटा घालता येतो. भामट्यानं काकांचा पत्ता घातला होता, म्हणून काकांचं उत्तर काकांनाच पोचत होतं. व्हिडिओ वगैरे काही नाही, असल्या मेल ते ढिगानं पाठवतात. पैसे द्यायचे नाहीत, उत्तरही द्यायचं नाही. आम्ही पासवर्ड बदलला आणि कॅमेऱ्यावर माझी एक टिकली लावून टाकली.

‘म्हणजे कुळाला काळिमा मीच लावला?’ काका म्हणाले. मग हळूच, ‘व्हिडिओ खरंच नाही?’

‘नाही.’

‘अरेरे. गिरकी कुठे चुकते ते तरी दिसलं असतं.’

त्या अष्टमीला काका साफा बांधून खाली उतरले. ‘कुणी आपलं बिंग फोडण्यापेक्षा आपणच फोडावं,’ एवढंच मला म्हणाले. तीन ताळी झकास जमली. गिरकीत भेलकांडले ते थेट सेक्रेटरींच्या अंगावर. लोक हसले, पण त्यांना मधे घेऊन हसले. पुढच्या वर्षीपासून गरबा उशिरा सुरू झाला तर काकांचीच तक्रार येऊ लागली. ‘हात तलवारीचाच आहे, टिपरीवर बसवला,’ असं ते खुशाल सांगत.

गेल्या चैत्रात काका गेले. पावसाळ्यात एकदा मेल उघडली, तर वरच त्यांचं नाव. खोटं कशाला सांगू, क्षणभर आनंद झाला. आत एवढंच होतं: मी अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठव.

ना सा.न.वि.वि., ना लोभ असावा. काकांची नव्हतीच ती. मी ती पुसून टाकली, आणि मग मला रडू आलं.