झोपेच्या मावशीला सांगितलेलं खोटं

आमच्या भावजींचा धंदा देव हलवण्याचा. म्हणजे लोक घर बदलतात तेव्हा भांडीकुंडी गाडीवाला नेतो आणि देव आमचे भावजी नेतात. येरागबाळ्याचं काम नाही ते. देवाच्या मनाविरुद्ध उचलायला जा, वीतभर मातीची मूर्ती जात्यासारखी जड होते. एकदा आमच्या ह्यांनी भावावर कुरघोडी करायला उंबऱ्यावरचा देव स्वतःच उचलायला घेतला. कंबर अशी धरली, की पुढचे कित्येक दिवस मलाच ह्यांना हलवावं लागलं.

आमच्याकडे घरटी सहा देव. चुलीवरची थोरली, दूध उतू गेलं की तोंड फुगवून बसणारी. उंबऱ्यावरचा राखण्या. माठामागची धाकटी, इतकी लाजरी की तिच्याकडे बघायचं नाही, पाणी भरताना नुसतं गुणगुणायचं. आढ्याखालचा बहिरा, वारापाऊस त्याच्या हातात. त्याला गाऱ्हाणं ओरडून सांगावं लागतं, त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाचं काही झाकून राहत नाही. मग हरवल्या वस्तूंचा देव, जो स्वतःच कधी ठेवल्या जागी सापडत नाही. आणि उशाशी झोपेची मावशी. तिला ना फूल लागतं ना दिवा. आडवं होण्याआधी दिवसभरात काय घडलं ते तिला सांगायचं, झाली पूजा. सांगाल ते ती खरं धरते आणि तुमच्या काळज्या घेऊन स्वतः जागी राहते. तुम्ही झोपायला मोकळे.

देव हलवायचे तर दोन गोष्टी पाळाव्या लागतात. निघण्याआधी घर का सोडतोय त्याचं खरंखुरं कारण देवाला सांगायचं आणि वाटेत बोलणं तोडायचं नाही, नाहीतर देव बिथरतो. आता आमचे भावजी म्हणजे मुलखाचे मुखदुर्बळ. जेवायला बसले की "वाढा" आणि "पुरे", संपलं संभाषण. पण कुणाची थोरली कडेवर घेतली की बघा. "थोरले, भावाभावांचं बोलणं बंद झालंय गं, म्हणून निघालोय. रडू नकोस, नवीन चुलीला धुराडं चांगलं आहे." मी म्हणायची, "भावजी, मलाही एकदा उचलून न्या कुठेतरी, म्हणजे बोलाल तरी!" कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या बिचाऱ्यांच्या.

त्यांच्या घरात बोलायचं काम माझ्या जावेकडे होतं. आम्ही दोघी सुरू झालो की आढ्याखालचा बहिराही कान झाकून घेत असेल. मावशी घरातल्या बाईने स्वतःच्या हाताने घडवायची असते. माझ्या जावेने घडवली तिचं नाक वाकडं. मी हसले तर म्हणते, "रात्रभर ह्यांचं घोरणं ऐकायचंय तिला, आधीच मुरडून ठेवलंय." तीन वर्षांपूर्वी तापाने गेली माझी जाऊ. त्यानंतर भावजी एकटेच राहिले त्या घरात. मी हजारदा म्हटलं, आमच्याकडे या. "बघू" म्हणायचे. आणखी एक शब्द शिकलेले, तेवढंच.

मग यंदा त्यांच्या घराची मागची भिंत आठव्या महिन्यातल्या बाईसारखी फुगली. नगराचा मुकादम येऊन बजावून गेला, आज संध्याकाळच्या आत बाहेर पडा, ही काही उद्याचा दिवस बघत नाही. मी आमची कडेची खोली झाडून, चुना लावून तयार ठेवली. दुपारपर्यंत सामान गाडीवर चढलं. भावजींनी पाच देव एकेक करून आमच्याकडे पोचवले आणि मावशीला आणायला परत गेले ते गेलेच. बराच वेळ झाला म्हणून मी जाऊन बघते तर भावजी रिकाम्या खोलीत मावशीसमोर मांडी घालून बसलेले.

"काय हो, जेवायला वाढू का दोघांना?"

"येत नाहीये."

"येत नाहीये म्हणजे? तुम्हाला?"

मी पदर खोचला आणि मावशीला हात घातला. छे! जमिनीत रुजल्यासारखी. माझीच बोटं खाली चेमटली.

"भावजी, कारण काय सांगितलंत हिला?"

"भिंत पडतेय म्हणून."

"मग खोटं काय आहे त्यात?"

भावजी नखाने जमीन कुरतडत बसले. बाहेर गाडीवाला ओरडला, "अहो, भिंत पडल्यावर यायचंय का?" मग हळूच म्हणाले, "ती गेली त्या दिवशी मावशीला सांगायला बसलो. तोंडातून निघालं, माहेरी गेलीय, येईल. मावशी वाट बघत बसली. आता घर बंद करून कशी निघेल? ती आली तर कुलूप बघेल ना."

मी खोचलेला पदर सोडला आणि त्यांच्याशेजारी खाली बसले.

"आणि तीन वर्षं रोज काय सांगत होतात हो?"

"अजून नाही आली, म्हणून." मग म्हणाले, "घरात कुणीतरी तिची वाट बघत होतं, वहिनी. बरं वाटायचं."

भिंतीतून माती भुरभुरली. मी म्हटलं, "उठा, निघा." तर म्हणतात कसे, "तुम्ही व्हा पुढे. मी थांबतो हिच्याजवळ." आणि ते बोलल्याप्रमाणे करणारे, हे मला माहीत. आता मी काही साधीसुधी बाई नाही, लबाडीत माझा हात कुणी धरणार नाही. म्हटलं, "सोपं आहे. हिला सांगा, बायकोला माहेराहून आणायला निघालोय. तू पण चल. बघा कशी चटकन उठते ती!"

भावजींनी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते. मावशीच्या वाकड्या नाकाकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं.

"वहिनी, तुमच्याकडे आल्यावर उद्या काय सांगू हिला? आणि परवा?"

मग ते मावशीकडे वळले, आणि गिऱ्हाइकाच्या देवांशी बोलताना लागायचा तो मऊ आवाज काही लागला नाही. खरबरीतच बोलले.

"मावशी, ती माहेरी नाही गेली. मेली ती. इथेच, तुझ्याच डोळ्यांसमोर. ती झोपलीय असं तू समजलीस. मीही तेच समजलो. मी पाणी गरम करून आणलं, तोवर... येणार नाही ती."

मला वाटलं, झालं, आता हलकी होईल. भावजींनी हात घातला. तशीच जड! मी घाबरून म्हटलं, "अहो, ओढा की!"

"थांबा. तिला आत्ता कळलंय."

मग आम्ही थांबलो. भिंतीची ढेकळं पडतायत आणि आम्ही बसलोय. गाडीवाला शिव्या देत आत आला, आमची तोंडं बघितली आणि चपला काढून उंबऱ्यावर टेकला. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही त्याने, नुसता म्हणाला, "आमची मावशीही अशीच, वेळ घेते." भावजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि ते पुसायचंही भान नव्हतं त्यांना. मी माझा पदर पुढे केला तर त्यांनी त्यात मावशीचं तोंड पुसलं. आणि पुसता पुसता ती अलगद त्यांच्या हातात आली.

आम्ही बाहेर पडलो. नियमाप्रमाणे वाटेत बोलायला हवं. चार पावलं भावजी गप्पच, मला धास्ती. मग म्हणाले, "मावशी, तुला ठाऊक आहे का, ती लुगडं वाळत घालायची तर निम्मं शेजारच्या दोरीवर? मी रोज ओरडायचो." मी त्यांच्या मागे, माझ्या मागे गाडी. तिचं बेसूर गाणं झालं, हरवल्या वस्तूंच्या देवाशी तिने केलेली भांडणं झाली, माझ्याविषयी ती काय काय बोलायची तेही झालं, आणि ते सगळं काही चांगलं नव्हतं हो! "कालवणात मीठ विसरायची आणि वर मलाच म्हणायची, जिभेला चव नाही तुमच्या." इतकं बोलताना मी त्या माणसाला जन्मात ऐकलं नव्हतं.

बोलता बोलता ते आमच्या दारावरून सरळ पुढे निघून गेले. आमचे हे ओट्यावर उभे. "अगं, हा कुठे चालला? घर मागे राहिलं की!"

म्हटलं, "जाऊ द्या त्यांना. आत्ता कुठे लग्नापर्यंत आलंय बोलणं."