कावळ्याचा भात

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडाला वास यायला लागला, तेव्हा मी त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ओठ वर करून दाखवलं. दाढांवर पिवळा थर बसला होता.

"काय घालता याला?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"दहीभात," मी खाली बघत म्हटलं.

"मऊ भात दातांना चिकटतो. कोरडं खाणं द्या, कच्चं गाजर चावू द्या. थर हिरडीखाली गेला तर दाढा काढाव्या लागतील. या वयात भूल सोसेल की नाही, सांगता येत नाही."

घरी दहीभात बंद झाला. कुत्रा गाजर चावायचा, तरी पुढच्या खेपेला थर तसाच. डॉक्टर म्हणाले, "कोणीतरी चोरून भात घालतंय."

तेव्हापासून मी सगळ्यांचे हात बघायला लागले. सासूबाई जेवून उठल्या की त्यांच्या पानात काय उरलं ते बघायची. "काय गं, माझे घास मोजतेस?" त्या म्हणाल्या. मी लाजून आत पळाले, पण संशय आला तो आलाच. शेजारीण भिंतीवरून कुत्र्याशी बोलली, तरी मला तिच्या मुठीत भात दिसायचा.

आमच्या तंजावूरला जेवणाआधी कावळ्याला भात ठेवतात, वर वरण आणि तूप. रोज मीच परसातल्या भिंतीवर ठेवते, हाक मारते आणि आत येते. एका दुपारी वाटी विसरली म्हणून परत गेले. कुत्रा धुण्याच्या दगडावर चढून भिंत चाटत होता.

पितरांचा भात बंद करता येत नाही. मी तो गच्चीवर ठेवायला लागले आणि जिन्याचं दार लावून घ्यायची.

थोडे दिवस बरे गेले. मग नवरा म्हणाला, "तुझे गुडघे दुखतात. आजपासून कावळ्याला मी ठेवतो."

इतक्या वर्षांत ह्यांना माझे गुडघे कधी आठवले नव्हते. मी हळूच मागून गेले. जिन्याचं दार सताड उघडं. वर हे उकिडवे बसून भात कुस्करत होते.

"खा रे बाबा. ती तुला गाजरं चारून मारणार."

मी खाकरले. हे दचकले. "कावळा आलाच नाही गं!"

"दाढा काढताना त्याला तुम्ही धरून बसाल?" मी विचारलं. एवढं मी ह्यांना कधी बोलले नव्हते.

ह्यांनी कुत्र्याच्या ओठावरून अंगठा फिरवला. मग उरलेला भात कठड्यावर ठेवून "का, का" अशी हाक मारली.

कावळा येईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.