ताईच्या छातीतला क्लोरीन

पोहण्याच्या तलावावर साफसफाई करणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला सगळे भोंगा म्हणत. वेळ संपली तरी शिट्टीला कोणी जुमानत नसे. मग ताई हातातला खराटा भिंतीला टेकवायची आणि एकदाच ओरडायची, "निघा रे बाहेर, नाहीतर कपडे कुलपात ठेवीन!" पोरंच काय, पोक्त माणसंसुद्धा निमूट वर येत. तो आवाज गेला. आता घशातून नुसती फुसफुस येते आणि जिना चढताना ती मधेच पायरीवर बसते. आणि ज्यांच्यामुळे हे झालं तेच म्हणतात, चूक तिची!

मॅनेजरसाहेबांची एक काटकसर होती. डब्यांच्या तळाशी उरलेली साफसफाईची औषधं फेकायची नाहीत, सगळी एकाच डब्यात ओतायची आणि वापरायची. ताईनं सांगून पाहिलं होतं, "साहेब, वास डोक्यात जातो." उत्तर मिळालं, "तुला काय अत्तर शिंपडायला ठेवलंय?" त्या दिवशी त्यांनी संडास धुवायचं ॲसिड ब्लीचच्या डब्यात ओतायला लावलं. सामानाच्या त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. हिरवट-पिवळा धूर उठला आणि ताई रांगत दारापर्यंत आली.

तो धूर म्हणजे क्लोरीन. मी शाळेत विज्ञान शिकवते, क्लोरीन दरवर्षी शिकवते. त्याच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात. आठ झाले की अणू स्थिर. त्या एका कमी पडणाऱ्यासाठी त्याचा जीव खालीवर होत असतो. सोडियम आपला बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, क्लोरीनचे आठ भरतात, आणि तयार होतं आपलं रोजचं मीठ. पण वायू होऊन मोकाट सुटलेल्या क्लोरीनला सोडियम कोण आणून देणार? ओल्या फुफ्फुसात शिरला की तो तिथूनच इलेक्ट्रॉन ओरबाडतो. इतकी वर्षं हे फळ्यावर लिहिताना मला कधी राग आला नव्हता.

दवाखान्यात खाटेशी बसून मी ताईला हेच सांगितलं. ती कुजबुजली, "म्हणजे हावरट मेला. आमच्या साहेबासारखा."

"छे गं," मी म्हटलं, "त्याला एक मिळाला की तो गप्प बसतो. दुसरा मागत नाही."

ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत मी दातओठ खात बसले.

चौकशी तलावाच्या कार्यालयात झाली. चूक ताईची ठरली तर नोकरी जाणार होती आणि उपचारही बंद होणार होते. साहेब कडक इस्त्रीच्या शर्टात आले होते. "मी असं काही सांगितलंच नव्हतं," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का, दोन औषधं एकत्र झाली म्हणून कोणाला काही होत नाही. हिला आधीपासून दमा असणार." चोराच्या उलट्या बोंबा! मी ताडकन उठणार, तोच ताईनं माझं मनगट धरलं.

"तुम्हाला काही सांगायचंय?" चौकशीला आलेल्या बाईंनी तिला विचारलं.

 ताई उठली, कार्यालयाच्या मोरीपाशी गेली आणि तिथले दोन डबे, ॲसिडचा आणि ब्लीचचा, दोन हातांत घेऊन आली. मधे एकदा धापा टाकत थांबली. मग दोन्ही डबे साहेबांच्या पुढ्यात ठेवून तिनं झाकणं काढली.

"काही होत नाही ना, साहेब?" आवाज इतका बारीक की बाई पुढे वाकल्या. "मग ओता. मी बसते इथेच."

खुर्ची धाडकन मागे पडली. साहेब नाकाला रुमाल लावून दारात पोचलेसुद्धा.

टेबलावर एक थेंब सांडला नव्हता. ताईनं एकेक करून झाकणं घट्ट बसवली.

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला," ती म्हणाली.