चार कॉम्प्युटरांच्या वाकळा

निपाणीत राहून ॲनिमेशनचं काम करता येतं, हे मी पुण्याच्या स्टुडिओला जवळजवळ भांडून पटवलं होतं. सासरे गेल्यावर सासूबाई घरात एकट्या पडल्या. नवरा बेळगावजवळ मच्छेतल्या कारखान्यात, तिथंच खोली घेऊन राहणारा, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जाणारा. म्हणून पुण्यातली खुर्ची सोडून मी इकडे आले. स्टुडिओच्या मॅडमनी फोनवर सरळ अट घातली. नव्वद सेकंदांचा एक शॉट पूर्ण माझ्याकडे द्यायचा. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत तो पोचला तर पुढचं काम निपाणीला येणार, नाही पोचला तर पुढच्या महिन्यापासून मी पुण्यात येऊन बसायचं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी म्हणून बसले, गुरुवार कशाला, बुधवारीच घ्या.

सासूबाई शेजारीच शेंगा सोलत हे ऐकत होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या त्यावर काहीच बोलल्या नाहीत. मलाही तेव्हा ते बरंच वाटलं, कारण जा किंवा राहा असं कुणी काही म्हटलं असतं तर मी त्यांच्यावरही उसळले असते.

ॲनिमेशन म्हटलं की लोकांना वाटतं, बटण दाबलं की चित्र पळायला लागतं. तसं नसतं. पात्रं, उजेड, हालचाल आपण ठरवून द्यायची आणि मग कॉम्प्युटरनं एकेक चित्र बसून काढायचं, सेकंदाला चोवीस. माझ्या नव्वद सेकंदांची झाली दोन हजार एकशे साठ चित्रं. एकाच मशीनवर टाकलं तर आठवडा जातो, म्हणून हे काम वाटून देतात. माझ्याकडे पाच कॉम्प्युटर होते, पुढच्या खोलीत लांब फळीवर ओळीनं मांडलेले. एका ठिकाणच्या फायली पाचांनी वाचायच्या, एकेक चित्र उचलायचं, काढून ठेवायचं, पुढचं उचलायचं. चार मशीन बऱ्यापैकी नवी. पाचवं माझं कॉलेजातलं, कोपऱ्यात बसून कुरकुरणारं. रविवारी तपासून बघितलं, तेव्हा नव्यांना एका चित्राला चार मिनिटं लागत होती आणि जुन्याला सहा. हिशेबानं मंगळवारी सकाळी सुरू केलेलं काम बुधवारी दुपारी संपायला हवं होतं. बुधवारचा शब्द मी त्या जोरावरच दिला होता.

घरामागे तंबाखूची वखार आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथला खकाणा आमच्या खिडकीतून आत येतो, फळीवर बोट फिरवलं तर रेघ उमटते. मशीनवर धूळ बसते म्हणून मी रविवारी दिवसभर करवादत होते. सोमवारी संध्याकाळी आत्या माझ्यापुढे चार कव्हरं घेऊन उभ्या राहिल्या. कव्हरं कसली, वाकळाच त्या. जुनी लुगडी दोन पदरी घालून, मधे चिंध्या भरून, बारीक टाक्यांनी शिवलेल्या गोधड्या, फक्त मापानं कॉम्प्युटरच्या. मागे वायरी जायला भोक, खाली बांधायला नाड्या. पाचव्याला कापड पुरलं नव्हतं. चालंल न्हवं, असं त्यांनी विचारलं आणि मी मान वर न करता लई भारी म्हटलं. त्यांनी स्वतःच्या हातानं चारी मशीनना वाकळा घातल्या आणि नाड्या बांधल्या.

मंगळवारी सकाळी मी काम सुरू केलं. खोली कशी शांत होती. एरवी पाच पंखे घोंघावतात, त्या दिवशी फक्त कोपऱ्यातलं जुनं तेवढं कुरकुरत होतं. वाकळांनी आवाज दाबला, म्हणून मी आत्यांचं कौतुकही केलं. आज लिहिताना त्या कौतुकाचं मलाच हसू येतं.

बुधवारी सकाळी नऊला बघते तर एक तृतीयांशच चित्रं झालेली. या वेगानं काम शुक्रवारी संपलं असतं. मग मी खापर फोडायला डोकी शोधायला लागले. पहिलं डोकं पुण्याचं. त्यांनी शॉटमध्ये नको इतकी झाडं घातलीत म्हणून मी मॅडमना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, की रविवारी तीच झाडं होती. दुसरं डोकं जुन्या कॉम्प्युटरचं. हाच सगळ्यांना मागे ओढतो असं ठरवून मी त्याला कामावरून काढून टाकलं. वेग वाढायच्या ऐवजी आणखी पडला. नवऱ्यानं मच्छेहून फोनवर सुचवलं, की सगळं एकदा बंद करून चालू करून बघ. त्याच्यावर मी जे खेकसले ते इथे लिहीत नाही.

शेवटी मी नेटवर्कवर ठपका ठेवला. पाची मशीन एका लहान डब्यातून एकमेकांना जोडलेली असतात, त्याला स्विच म्हणतात. तोच गेला असणार, म्हणून फायली वेळेवर पोचत नाहीत, असं मी स्वतःला पटवलं. निपाणीत हवा तसा मिळेना. दहाची बस धरून कोल्हापूरला गेले. कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग, बस तिथं अर्धा तास उभी. कंडक्टर कन्नडमधून ट्रकवाल्यांचा उद्धार करत होता आणि मी मनातल्या मनात मराठीतून स्विचचा. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. पुण्याची ती खुर्ची, ती भाड्याची खोली सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं, आणि संध्याकाळी दिवा लावून एकट्याच बसलेल्या आत्याही.

अडीचला घरी पोचले. पोटात कावळे ओरडत होते. भाकरीच्या बुट्टीवरचं फडकं उचललं तर बुट्टी रिकामी. असं आमच्या घरात कधी होत नाही. आत्या म्हणाल्या, आज अंदाज चुकला, थांब, आता करते. मला नको म्हणायचंही त्राण नव्हतं. दोन केळी खाल्ली आणि नवा स्विच जोडायला बसले.

नवा स्विच जोडला, वायरी बदलल्या, काम पुन्हा चालू केलं. पंधरा मिनिटं हात जोडून बसले. फरक काहीही नाही. तेव्हा कुठे मला सुचलं ते करायचं, जे मी मंगळवारीच करायला हवं होतं. कुठल्या मशीननं कुठल्या चित्राला किती वेळ घेतला याची नोंद आपोआप होत असते. ती मी उघडली. नवी चार मशीन एकेका चित्राला अकरा, बारा, तेरा मिनिटं घेत होती. आणि कोपऱ्यातलं जुनं, ज्याला मी सकाळीच कामावरून काढलं होतं, ते मात्र सहा, सहा, सहा. मला खरंच वाटेना. मी त्याला पुन्हा कामाला लावलं. त्यानं निमूटपणे एक चित्र काढून दिलं, सहा मिनिटांत.

एकटाच नेकीनं राबत होता आणि मी त्यालाच घालवलं होतं. पण का, ते काही मला कळेना. चारच्या चार नवी मशीन एकदम आजारी पडतील कशी? माझ्यातला सगळा ताठा त्या नोंदीपुढे संपला. मी हात टेकले आणि नुसती स्क्रीनकडे बघत बसले.

तेवढ्यात आत्या आल्या, हातात पाचवी वाकळ. मी कोल्हापूरला गेले तेव्हा त्यांनी ती शिवून पुरी केली होती. ती जुन्या मशीनला घालायची म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला. मग नाडी कुठं बांधली होती ते बघायला शेजारच्या मशीनच्या वाकळेखाली हात घातला. हात तिथंच थांबला.

आत्यांचा हात म्हणजे काय ते सांगायला हवं. शेतात तंबाखू होता तोवर त्याचे ढीग त्याच सांभाळायच्या. तंबाखू रचून ठेवला की ढीग आतून तापतो, वेळेवर उलथला नाही तर काळा पडून जातो. आत्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायच्या आणि कधी उलथायचा ते सांगायच्या.

त्यांनी आधी जुन्यावर हात ठेवला, मग पुन्हा नव्यावर.

“ह्यो गार हाय गं,” त्या म्हणाल्या. “आणि ह्यो आतनं तापलाय. उलथाय झालाय.”

मी खुर्चीवरून उडीच मारली. कॉम्प्युटर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच सावकाश चालायला लागतो, हे मी इतरांना शिकवलेलं आहे. पंख्याची गरम हवा मागून बाहेर पडते आणि तिथं दोन पदरी लुगडं होतं, चिंध्या भरलेलं. खोली शांत झाली म्हणून मी खूश होते. मी नाड्या सोडायच्याही फंदात पडले नाही, ओढून चारी वाकळा काढल्या. पंखे घोंघावायला लागले. दहा मिनिटांनी नोंद बघितली, एक चित्र सात मिनिटांत. मग पाच. मग चार, चार, चार.

माझा जीव भांड्यात पडला. हिशेब केला तर काम गुरुवारी दुपारच्या आत संपत होतं. मी मोठ्यानं हसले आणि वळून बघितलं. आत्या चार वाकळा छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“म्हंजे ह्या वाकळांनीच तुला पुन्याला धाडलं असतं,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं, की मशीन माझी, शिक्षण माझं, लई भारी म्हणणारीही मीच. सकाळपासून सगळ्या जगावर खापर फोडत फिरले, पण नुसता हात लावून बघायचं मला सुचलं नाही. ते त्यांच्या हातानं ओळखलं. त्यांना ते किती पटलं देव जाणे. त्या वाकळा घेऊन आत गेल्या, आणि मी त्या रात्री निवांत झोपले.

गुरुवारी साडेअकराला शेवटचं चित्र आलं. सगळी चित्रं नजरेखालून घातली, सात-आठ बिघडलेली पुन्हा काढली आणि चारला शॉट पुण्याला पाठवला. साडेपाचला मॅडमचा निरोप आला. शॉट छान झालाय, पुढच्याच्या फायली सोमवारी पाठवते, निपाणीलाच.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात धावले. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होतं, म्हणून आत्या तेव्हाच पीठ काढायला बसल्या होत्या. मी निरोप वाचून दाखवला. त्यांनी एकदा डोळे मिटले, मग डब्यात माप घालून पीठ काढलं आणि परातीत ओतलं.

“काल तू कोल्हापूरला गेलतीस न्हवं,” त्या पिठाकडं बघत म्हणाल्या, “तवा एकटीपुरतं पीठ काढून बघितलं. म्हटलं, आतापासनं सवय करावी.”

मला ती रिकामी बुट्टी आठवली. त्यांचा अंदाज कधीच चुकत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी विचारलं, मग जमलं का?

“एकच भाकरी केली. पर खाऊ वाटंना. दारात गाय आलती, तिला घातली.”

मी त्यांच्या हातातून माप घेतलं आणि आणखी दोन मापं पीठ परातीत ओतलं. आत्या म्हणाल्या, अगं, दोघींना एवढं कशाला. मी म्हटलं, मी कालपासून धड जेवलेली नाही, एकटी तीन खाणार आहे. आणि खाल्ल्या.