दादांचं लांब राहण्याचं वर्ष

दादांचं वय अठ्ठावन्न, तरी ते दादाच. चोवीस वर्षांपूर्वी त्यांच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, मंडळीचा तरुण संघ त्यांच्या हाती आला, तेव्हाची पोरं त्यांना दादा म्हणायची. पुढे त्या पोरांची पोरं संघात आली, तीही दादाच म्हणू लागली. बाप आणि लेक एकाच माणसाला दादा म्हणतात, हे कुठल्या नात्यात बसतं, असं त्यांची बायको विचारायची. जुनी पोरं तिला वहिनी म्हणत. "मला आता आजी म्हणायला लागलीत ही कार्टी," वहिनी म्हणायच्या, "आणि हे आपले अजून दादाच!"

पोटापाण्याचा उद्योग चष्म्यांचा. बाजारातल्या एका अरुंद दुकानात ते नोकरीला होते. मागच्या खोलीत काचा घासायच्या, पुढच्या टेबलावर फ्रेम गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर बसवायची. माणसाचा एक कान दुसऱ्यापेक्षा जरासा वर असतो, हे बहुतेकांना मरेपर्यंत कळत नाही. दादांना ते पहिल्या भेटीत दिसायचं. चष्म्याची काडी गरम हवेवर धरून ते हलकेच वाकवायचे, कानामागे बसवायचे आणि विचारायचे, "टोचतंय का?" गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी त्याच्या भुवयांकडे बघून पुन्हा काढायचे.

संघातही त्यांची रीत अशीच. शुक्रवारी संध्याकाळी सहाची बैठक, दादा साडेपाचला हजर. खुर्च्या गोलात मांडायच्या आणि आपण दाराजवळ बसायचं, म्हणजे उशिरा येणाऱ्याला अवघडायला होत नाही. नवीन पोराचं नाव पहिल्या दिवशी पाठ. कुणी सलग तीनदा आलं नाही की चौथ्या आठवड्यात दादा त्याच्या घरी, आणि गेल्यावर "का आला नाहीस" हा प्रश्न सोडून बाकी सगळं बोलायचं. कुणासाठी प्रार्थना करायची तर आधी त्याला विचारायचं. बंद खोलीत एकट्या मुलाशी बोलायचं नाही. आणि कामं द्यायची ती खरीखुरी. "पोराला खोटं काम दिलं की ते लगेच ओळखतं," ते म्हणायचे. "हिशेब त्याच्याकडे दे, चुकू दे, पण देच."

या सगळ्यात एक नियम त्यांचा स्वतःसाठी होता, आणि तो त्यांनी फार आधीपासून मनात जपून ठेवला होता.

संघ त्यांच्याकडे आला तो एका निवृत्त हेडमास्तरांकडून. माणूस देवभोळा, प्रेमळ, पण त्यांना संघ सोडवेना. दर शुक्रवारी येऊन मागच्या खुर्चीवर बसायचे. दादा काही बोलले की वीस माना मागे वळायच्या, हेडमास्तर मान डोलावतात का ते बघायला. सहलीची तारीख दादांनी ठरवायची आणि हेडमास्तरांनी नुसतं "हंऽऽ" म्हणायचं, की तारीख बदललीच. उंटावरून शेळ्या हाकणं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत आठ-दहा पोरं गळाली. दादांनी तेव्हाच ठरवलं, आपण सोडू तेव्हा वर्षभर फिरकायचं नाही. बैठकीला नाही, सहलीला नाही, सल्ल्यालाही नाही.

सोडायची वेळ त्यांनी स्वतःच ठरवली. एका शुक्रवारी त्यांनी एक विनोद सांगितला आणि समोरची मुलगी म्हणाली, "दादा, हा बाबांनी पण सांगितलाय. तुम्हीच सांगितला होता म्हणे त्यांना." सगळे हसले, दादाही हसले. घरी येऊन वहिनींना म्हणाले, "बास झालं आता."

संघ कुणाला द्यायचा हे चार वर्षांपासून ठरलेलं होतं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी एक तरुण ताई होती. दादांच्या हाताखालीच तयार झालेली, वेळेची पक्की, बोलायला जरा कोरडी, पण पोरांसाठी जीव टाकणारी. शेवटच्या बैठकीत दादा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपासून एक वर्ष मी इथं दिसणार नाही. काही झालं तर ताई. माझ्याकडे आलात तर मी ऐकणार नाही. राग मानू नका."

"तुम्ही तरी पाळाल का?" विनोद पकडणारी तीच मुलगी म्हणाली.

"लिहून देऊ?"

"द्या. सहीसकट."

तिला संघात सगळे ‘वकील’ म्हणत. सोळा वर्षांची. एकही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य करायची नाही. नोहाच्या तारवात वाळवी होती का, आणि असली तर ती काय खात होती, हा प्रश्न तिने पाळकांना उपासनेनंतर सगळ्यांसमोर विचारला होता. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. वडील छपाईचं काम करायचे. ते प्रेसवाले म्हणजे दादांच्या पहिल्या तुकडीतलं पोर. शिक्षण सोडून निघाले होते, तेव्हा दादा चार संध्याकाळ त्यांच्या बापाच्या उंबऱ्यावर बसून राहिले होते. पोरगं शाळेत परतलं. तेव्हापासून दादांचा शब्द म्हणजे प्रेसवाल्यांना काळ्या दगडावरची रेघ.

पहिले चार महिने दादांना जड गेले. शुक्रवारी पाच वाजले की हात आपोआप शर्ट शोधायचे. "जा, भाजी घेऊन या," वहिनी म्हणायच्या. "देवळाच्या रस्त्यानं जाऊ नका म्हणजे झालं." दादा लांबच्या रस्त्यानं जायचे. एकदा ताईचा फोन आला, सहलीला बस कुणाची सांगायची म्हणून. दादा म्हणाले, "तुला वाटेल त्याची." फोन ठेवल्यावर ते मनातून खूश होते. आपल्याला जमतंय असं त्यांना वाटत होतं.

पाचव्या महिन्यात, एका दुपारी, वकील दुकानात आली.

"दादा, स्क्रू ढिला झालाय."

दादांनी चष्मा हातात घेतला. स्क्रू ढिला नव्हता. कुणीतरी नखानं फिरवून अर्धा बाहेर काढला होता. त्यांनी तो बसवला, काच पुसली, चष्मा परत दिला. ती गेली नाही. टेबलाच्या कडेला बोट फिरवत उभी राहिली.

"दादा, बोलायचं होतं."

"ताईला सांगितलंस?"

"ताईला नाही, तुम्हालाच सांगायचंय. बाबांचं..."

"थांब." दादांनी हात वर केला. आवाज मऊच होता, पण हात वर होता. "आपलं काय ठरलंय? आधी ताई. ती चांगली आहे गं, तुला वाटते तशी नाही. हवं तर मी तिला फोन करतो, की तू येतेयस."

"नको. फोन नका करू."

"मग तू जाशील?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. दादांना वाटलं आता वाद घालेल, आणि तिने घातला असता तर ते बहुधा हरले असते. पण ती नुसतं "बरं" म्हणाली. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ तुटलेली काडी घेऊन आत आले आणि दादांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

त्या रात्री त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनी ताटं पुसत होत्या. "ऐकून तरी घ्यायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"एकाचं ऐकलं की सगळे येतात. मग ताईकडे कोण जाईल?"

"सगळे आले नव्हते. एक आली होती."

दादांनी पुसलेली ताटं फळीवर रचली. नियम मोडायचा मोह झाला आणि आपण मोडला नाही, याचं थोडं समाधानच त्यांना होतं. ताईला फोन केला नाही. मुलगीच नको म्हणाली होती, आणि फोन करणं म्हणजे पुन्हा मागच्या खुर्चीवर जाऊन बसणंच की.

दोन महिन्यांनी प्रेसवाले दुकानात आले. बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. दादा त्यांना एकेक काच लावून दाखवत होते आणि ते वाचता वाचता घरचं सांगत होते. बहिणीला जुळं झालंय. तिचा नवरा लांब नोकरीला, सासूबाई अंथरुणावर. हाल हाल चाललेत बिचारीचे. "म्हणून पोरीलाच पाठवून दिलं तिकडे. हां, ही काच बरी आहे. घरातलंच माणूस हवं ना."

दादांचा हात थांबला. "आणि शाळा?"

"सोडवली. शेवटचं वर्ष होतं खरं. पण पुढे तरी काय, घरच बघायचंय." मग ते हसले. "मला वाटलं होतं, महिनाभर डोकं खाईल माझं. तुम्हाला माहितीय ना तिचं. पण अवाक्षर काढलं नाही. म्हणाली, ज्यांना विचारायचं त्यांना विचारून झालं."

दादांनी काच पेटीत ठेवली. ती तिच्या खाचेत बसेना. दोनदा ठेवावी लागली.

"तू मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही लांब आहात ना वर्षभर. पोरगी म्हणाली होती, दादांना त्रास द्यायचा नाही." प्रेसवाल्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. "दादा, तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर मी पाठवली असती का? तुमचा शब्द कधी मोडलाय मी?"

दुकान बंद करून दादा सरळ लॅबवर गेले. ताई हातमोजे काढत होती. तिने सगळं उभ्यानं ऐकलं. ती कधीच आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

"मी दोनदा तिच्या घरी जाऊन आले. वडील म्हणाले, आत्याकडे गेलीय, येईल. मला खरं वाटलं." मोजे तिने डब्यात टाकले. "दादा, तिनं फोन नको म्हटलं म्हणून तुम्ही नाही केलात?"

"हो."

"पोराला दुसऱ्याकडे नुसतं पाठवायचं नाही, हात धरून नेऊन पोचवायचं. कुणी शिकवलं मला हे?"

दादा खाली बसले. बाकावर शेजारी एक माणूस दंडावर कापूस दाबून बसला होता. तो या दोघांकडे बघत होता.

"तुम्ही माझ्यासाठीच लांब राहिलात, ते कळतं मला," ताई म्हणाली. "पण मला एवढं जपायला नको होतं. तिला जपायचं होतं."

पुढच्या चार दिवसांत दादांनी जे जे करता येईल ते केलं. प्रेसवाल्यांना घेऊन शाळेत गेले. या वर्षाची जागा गेली होती, पुढच्या वर्षी घेऊ म्हणाले. आत्याच्या मदतीला येईल अशी एक बाई ताईने शोधून काढली. प्रेसवाले म्हणाले, "तुम्हीच जा आणायला. माझ्यासमोर ती नुसती मान हलवेल, मनातलं सांगणार नाही."

शनिवारी दादा एकटेच बसने गेले. तीन तासांचा रस्ता. आत्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दोरीवर लंगोट वाळत होते. दार वकीलबाईंनीच उघडलं. खांद्यावर एक बाळ, दुसरं आत रडत होतं. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली होती.

"या दादा," ती म्हणाली. "बसा. हळू बोला हं, आत्या आत्ताच झोपलीय."

तिने चहा केला. दादांनी शाळेचं सांगितलं, बाईचं सांगितलं, बाबा तयार आहेत म्हणून सांगितलं. ती ऐकत होती. मध्ये एकदाही बोलली नाही. दादांना वाटत होतं, आता काहीतरी खोडून काढेल. तिने काही खोडलं नाही.

"मग? येतेस?"

"नको दादा. एकदा घर-शाळा सोडून निघाले ना, ते पुष्कळ झालं. इथं यांना माझी सवय झालीय." तिने बाळाची मान सावरली. "शाळेचं बघू पुढच्या वर्षी."

ते ‘बघू’ मोठ्या बायकांचं होतं. दादांनी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी ऐकून घ्यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली.

त्या होकारात राग नव्हता. मग बाळाच्या पाठीवर थोपटत तीच म्हणाली, "मी थांबले होते त्या दिवशी, दुकानाबाहेर. पलीकडे कापडाचं दुकान आहे ना, तिथं. ते आजोबा गेले की बोलवाल असं वाटलं."

दादांना ते आजोबा आठवले. त्यांच्या काडीला अर्धा तास लागला होता. काम मनासारखं झालं म्हणून दादांनी वर चहाही मागवला होता.

चोवीस वर्षांत असं प्रत्येक बोलणं ज्या प्रश्नावर संपायचं तो त्यांनी विचारला, कारण दुसरं काही सुचेना. "प्रार्थना करूया का?"

तिने थोडा विचार केला. "आज नको, दादा. यांची आंघोळ राहिलीय." मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "साडेचारची बस बरी पडेल तुम्हाला. नंतरच्या गाडीला गर्दी असते."

संध्याकाळी दादा घरी पोचले. वहिनींनी दार उघडलं आणि आधी त्यांच्या मागे जिन्याकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"काय म्हणाली?"

दादा वाकून चपला काढत होते. एका पायाची निघेना.

"साडेचारची बस बरी पडते म्हणाली," ते म्हणाले. वहिनी खाली बसल्या आणि त्यांनी ती काढून दिली.