हरणीचा सव्वा महिना

नांदेडला आमच्या घराजवळच्या बागेत चार पिंजऱ्यांचं प्राणिसंग्रहालय आहे. तिथले राखणदार चाचा माणसांशी कमी बोलतात आणि बोललेच तर प्राण्यांच्या वतीने. "मोर आज नाराज हाय, पुढं चला," असं ते शाळेच्या सहलीलाही सांगतात.

हरणी व्याली तेव्हा त्यांनी तिच्या पिंजऱ्याला गोणपाटाचा पडदा लावला. "बाळंतीण हाय. सव्वा महिना कुणी बघायचं न्हाई," एवढंच म्हणाले. पाडसाबरोबर फोटो काढायला आलेल्या नगरसेवकांनाही त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. मला मात्र काम लावलं. "सर, फिरायला येताना शेपूची जुडी आणत जावा. बाळंतिणीला चांगली असती." मी रोज जुडी नेत राहिलो.

सव्वा महिन्यानं पडदा निघाला. आत हरणी एकटीच उभी होती.

"पाडस कुठंय, चाचा?"

"ते तिसऱ्याच दिवशी गेलं, सर."

"मग एवढे दिवस पडदा कशाला? आणि शेपू?"

चाचांनी माझ्या हातातली जुडी घेतली, सोडली आणि हरणीपुढे टाकली.

"बाळंतीण तर ती होतीच की."